श्यामसुंदरची दुपारची ड्यूटी

श्यामसुंदर माझा धाकटा दीर. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणते आणि अहो-जाहो करते. लिहिताना तेवढा शिष्टाचार पाळायची गरज मला वाटत नाही. वय सत्तरीला टेकलेलं, लग्न केलेलं नाही, राहणं शनिवार पेठेत आमच्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या एका खोलीत. जुनी इमारत पाडून नवी झाली तेव्हा बिल्डरनं सगळ्यात अंधारी खोली त्याच्या गळ्यात मारली आणि त्यानं ती मान डोलावून घेतली. कुणी काही दिलं की घ्यायचं आणि कुणी काही नाकारलं की हसायचं, एवढ्या भांडवलावर या माणसानं आयुष्य काढलं.

नोकरी मार्केट यार्डात, एका कांदा-बटाट्याच्या आडत्याकडे. तिथं नक्की काय काम करत होतात असं विचारलं की म्हणायचा, "सगळंच बघायचो." म्हणजे काहीच नाही. गाडी आली की गाडीकडे बघायचं, हमाल पोती उतरवत असले की हमालांकडे बघायचं, आणि शेठ आले की उठून उभं राहायचं. निवृत्त झाला तेव्हा शेठनं एक शाल दिली. ती त्यानं आणून मला दिली, कारण ती घरी आणून दाखवावी असं दुसरं कुणी त्याला नव्हतं. शाल चांगली नव्हती.

खरी नोकरी त्यानं निवृत्तीनंतर धरली, बिनपगारी आणि बिनबोलावण्याची. नात्यातलं, शेजारातलं, शेजाऱ्याच्या नात्यातलं कुणीही हॉस्पिटलात पडलं की श्यामसुंदर तिथं हजर. कुठल्या हॉस्पिटलची कुठली लिफ्ट बंद असते, कुठल्या कँटीनचा चहा पिण्यालायक आहे, स्कूटर कुठं लावली की उचलून नेत नाहीत, हे सगळं त्याला तोंडपाठ. लग्नाकार्यात लोक म्हणायचे, श्यामकाका होते म्हणून निभावलं. खरं कारण एवढंच, की बाकीच्यांना कामं होती आणि याला नव्हती. रिकामा माणूस आणि सेवाभावी माणूस यांतला फरक लोक सोयीनं विसरतात. श्यामसुंदर तर तो कधी शिकलाच नव्हता.

सेवा म्हणजे काय, तेही सांगते. रेक्झिनची पिशवी, त्यात थर्मास, मोसंबी आणि घडी घातलेला नॅपकिन. आला की स्टूल ओढायचा आणि बोलायला लागायचा. विषय एकच, दुसरे पेशंट. पित्ताशयाच्या पेशंटला तो पित्ताशयाच्याच ऑपरेशनला गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसाची हकिगत सांगे, तीही धीर देण्यासाठी. पेशंटनं कंटाळून डोळे मिटले की मिनिटभर थांबून विचारी, "झोप लागली का?" नाही म्हटलं तर "लागेल, लागेल." उत्तरच आलं नाही तर पायाचा अंगठा हलवून बघे, खरंच लागली आहे ना म्हणून. माझे यजमान शेवटच्या आजारात होते तेव्हाही हा दुपारभर शेजारी. सख्खा मोठा भाऊ, पण तेही मला हळूच म्हणाले होते, "त्याला जरा चहाला पाठव ना."

मी टेलिफोन खात्यात होते, ट्रंक कॉलवर. लोकांना माझ्या आवाजाची भीती वाटायची. तीन मिनिटं झाली की मी बजावत असे, आणि पुढं लांबलं की पलीकडे मंत्री असला तरी लाइन काढत असे. माणसाला जे सांगायचं असतं ते तीन मिनिटांत सांगून होतं. उरलेलं नुसतं दळण असतं. अशा बाईच्या नशिबी असा दीर आला.

गेल्या वर्षी पंख्याची पाती पुसायला मी स्टुलावर चढले आणि खाली आले. खुब्याचं हाड मोडलं. नदीपलीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. माझा मुलगा अभय बाणेरला राहतो आणि कसल्याशा कंपनीत कसलासा मॅनेजर आहे. त्यानं मोबाइलवर माझं वेळापत्रक तयार केलं. सकाळी सून, रात्री पैसे देऊन ठेवलेली बाई, आणि दुपारी काका. मी म्हटलं, दुपारी मला कुणीही नको. तर म्हणाला, "आई, काका फ्री आहे ना." कुणी फ्री आहे म्हणून त्याला माझ्या डोक्यावर बसवायचं, हे या लोकांचं मॅनेजमेंट.

ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण झोप उडाली ती उडालीच. वॉर्डात शांतता अशी नसतेच. कुणी रक्तदाब मोजायला येतं, कुणी बादली आपटतं, शेजारच्या खाटेवरची बाई झोपेत कुणाशी तरी भांडते. व्यायाम करून घेणारा डॉक्टर मला वॉकर देऊन उभं करायचा, तर झोपेविना माझ्या डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि तो पुन्हा खाटेवर बसवायचा. चालता आल्याशिवाय घरी सोडणार नाहीत, आणि झोपल्याशिवाय चालता येणार नाही. मला घरी जायचं होतं. माझ्या स्वतःच्या पलंगावर, दाराला आतून कडी लावून पडायचं होतं.

अशात चैताली नावाची एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि प्रत्येक वाक्याच्या आधी 'बेसिकली'. ऑपरेशन झालेल्या वयस्कर पेशंटची झोप मोजायचा त्यांचा अभ्यास चालला होता. घड्याळासारखा एक काळा पट्टा मनगटावर बांधायचा. हात हलला की जाग, नाही हलला की झोप, असं तो आपोआप टिपून ठेवतो. मी विचारलं, माणूस टक्क जागा असून नुसता पडून राहिला तर?

"बेसिकली आजी, अल्गोरिदम ते हँडल करतं."

म्हणजे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं, मला आजी म्हणू नका, मी तुमची आजी नाही. ती म्हणाली, "ओके आजी." तरीही मी पट्टा बांधून घेतला. मोठे डॉक्टर रोज सकाळी झोप लागली का असं विचारत आणि उत्तर यायच्या आत पुढच्या खाटेपाशी पोचलेले असत. पट्टा निदान उत्तर ऐकून घेईल असं वाटलं. माणसांकडून अपेक्षा संपल्या की आपण यंत्राकडून करायला लागतो, आणि तो आणखी मोठा मूर्खपणा असतो.

श्यामसुंदरला पट्ट्याचं भारी कौतुक. आता तुमची झोप काँप्युटरवर येणार, असं त्यानं वॉर्डातल्या प्रत्येक खाटेला जाऊन सांगितलं. मग स्टूल ओढून त्या काँप्युटरला पुरेल एवढी माझी झोप घालवायला बसला. त्या दिवसांत त्याच्या डोक्यात गेनबा शिरला होता. हा गेनबा मार्केट यार्डातला हमाल. आधी त्याचा एक हात थरथरायला लागला, मग पाय ओढत चालायला लागला, मग बोलणंही तोंडातल्या तोंडात राहायला लागलं. शेवटची काही वर्षं तो मांजरी गावात मुलाच्या घराच्या मागच्या खोलीत पडून होता आणि श्यामसुंदर बसनं जाऊन त्याच्याजवळ बसायचा. ही गोष्ट मी रोज दुपारी ऐकली. शेवट ठरलेला, "सरतेशेवटी कोणी नव्हतं हो वहिनी त्याच्याजवळ." मी म्हणायचे, भाऊजी, हे काल सांगून झालंय. तो हसायचा, थोडं थांबायचा, आणि उद्यासाठी गेनबाला ठेवून एखाद्या मूतखड्याकडे वळायचा.

काही दिवसांनी चैताली टॅब घेऊन आली. शनिवार होता, त्यामुळे अभयही होता. तिनं माझ्या झोपेचं चित्र दाखवलं. निळं म्हणजे झोप, भगवं म्हणजे जाग. रात्री निळ्याचे तुकडे होते, पहाटे जरा मोठे. दुपारी मात्र, जेवणं होऊन वॉर्डातले दिवे बारीक करतात आणि बाकीच्या बायका घोरायला लागतात त्या वेळेला, माझा पट्टा नुसता भगवा.

"आजी, आफ्टरनूनला तुमच्याकडे नेमकं काय होतं?"

"दीर येतात," मी म्हटलं.

अभयचा चेहरा उजळला. ऑफिसात बिघाड सापडल्यावर उजळत असावा तसा. "मग सिंपल आहे. काकाला यायला नको सांगू." मी लगेच हो म्हटलं. इतके दिवस मी हेच तोंडानं सांगत होते तेव्हा ते म्हातारीचं किरकिरणं होतं. आता ते रंगात निघालं म्हणून खरं झालं. मुलगा शिकलेला असला की आईला सुद्धा असं पुराव्यानिशी बोलावं लागतं.

आता हे त्याला सांगायचं कुणी? अभयच्या हाताखाली ऑफिसात ढीगभर माणसं आहेत, त्यातल्या काहींना त्यानं घरी बसवलंय असंही तो अभिमानानं सांगतो. पण काकाला सांगायची वेळ आली तेव्हा साहेबांनी घसा खाकरून चैतालीला पुढं केलं. श्यामसुंदर दारातून आत येत होता. डाव्या हातात पिशवी, उजवा हात पँटच्या खिशात. हल्ली तो असाच चालायचा. म्हातारपणी कसली ऐट, म्हणून मी दोनदा टोकलंही होतं.

चैतालीनं गोड आवाजात, डेटा असं म्हणतोय, डेटा तसं म्हणतोय, करत त्याला सांगून टाकलं. तो ऐकत राहिला. मग त्यानं एकच विचारलं, हा हात हलला की जाग धरतात, असंच ना? ती म्हणाली, बेसिकली हो. तो माझ्याकडे न बघता अभयकडे वळला.

"उद्याचा एक दिवस बघा," तो म्हणाला. "उद्या वहिनी झोपल्या नाहीत तर मग मी येणार नाही."

शेठसमोर उभं राहायच्याच आवाजात तो हे बोलला, आणि समोर कोण, तर ज्याला कडेवर घेऊन फिरवला तो पुतण्या. मला संताप आला. पुतण्यानं एक दिवसाची मुदत उदारपणे मंजूर केली. हे खाटेशेजारी बसणं गेलं तर या माणसाला सकाळी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायला कारण उरणार नाही, हे मला समजत नव्हतं असं नाही. लोक उद्या म्हणणार, श्यामकाकाला नका बोलावू, पद्मजाकाकूंची झोप गेली होती त्यांच्यामुळं, काँप्युटरवर आलंय. एकदा असं पसरलं की पुण्यात तरी तो परत कुणाच्या खाटेशेजारी बसला नसता. पण मला घरी जायचं होतं, आणि त्याची करमणूक व्हावी म्हणून मी हाड मोडून घेतलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला तो तोंड बंद करून. पिशवी खाली ठेवली. नॅपकिन नाही, मोसंबी नाही, कुणाचं ऑपरेशन नाही. स्टूल खाटेला अगदी चिकटवून घेतलं, बसला, खिशातला हात काढला आणि माझ्या मनगटावर, बरोबर पट्ट्यावर ठेवून दाबून धरला.

"हे काय?"

"काही नाही वहिनी. तुम्ही झोपा."

माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. हात हलला नाही की काँप्युटरवर झोप उमटणार, आणि झोप उमटली की याची ड्यूटी कायम. ताप उतरावा म्हणून थर्मामीटर गार पाण्यात धरावा, तसला हा उपाय. जन्मभर कांद्याच्या पोत्यांकडे बघत बसलेल्या माणसाची अक्कल याहून लांब कशी जाणार? तो ज्या निष्ठेनं दाबत होता ती बघून मला हसूही येईना. हात काढा म्हणून सांगायला मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मला ती थरथर जाणवली.

आधी वाटलं, ए.सी.चा गारठा असेल. मग वाटलं, मला घाबरतोय. तेही शक्य होतं. मग मी मान वळवून बघितलं. त्याचा अंगठा शेजारच्या बोटावर घासत होता, एका लयीत, तंबाखू मळावी तसा. श्यामसुंदरनं जन्मात तंबाखूला हात लावलेला नाही. त्यानं जोर करून दाबलं की थरथर क्षणभर थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. तो स्वतः समोरच्या भिंतीवरची, आग लागल्यास काय करावे ही पाटी वाचत बसला होता.

खिशातला हात तेव्हा मला कळला. कित्येक दिवसांत त्यानं मोसंबी सोलून दिली नव्हती. नुसती ठेवायचा आणि नंतर खा म्हणायचा. मी त्याला आळस म्हणत होते. थर्मासमधला चहा हल्ली वॉर्डातल्या मावशींना ओतायला सांगायचा. त्याला मी साहेबी म्हणत होते. आणि रोजचा गेनबा! गेनबाचं काय झालं हे तो मला सांगत नव्हता. आपलं काय होणार हे सांगत होता, आणि मी त्याला काल सांगून झालंय म्हणून गप्प करत होते.

अख्ख्या नात्याचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांच्या दारात उभा राहणारा हा माणूस, आणि स्वतःचा हात त्यानं एकाही डॉक्टरला दाखवला नव्हता. दाखवला की तो पेशंट झाला. थरथरणाऱ्या हातानं कुणी त्याला चहा ओतू देणार नाही, धरून बाथरूमपर्यंत नेऊ देणार नाही, आणि स्टुलावरून त्याला उठावं लागणार. बरं, उठून खाटेवर पडायचं म्हटलं तर शेजारी स्टुलावर कोण? आमच्या नात्यात हॉस्पिटलचा माणूस एकच, आणि तो तर खाटेवर. इतका बिनडोक, इतका चिवट भित्रेपणा मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही.

मी काही बोलले नाही. तोही बोलत नव्हता. आमच्या नात्यात असं प्रथमच घडत होतं. थोड्या वेळानं त्याची मान कलायला लागली. कपाळ खाटेच्या कठड्यावर टेकलं, तोंड उघडं पडलं आणि तो झोपला. हात तसाच माझ्या मनगटावर. आणि झोप लागली तशी थरथर बंद झाली. एवढा वेळ फडफडणारा हात एकदम जड आणि शांत झाला.

माझा ऑपरेशनचा पाय आखडला होता. पट्ट्याखाली खाज सुटली होती. मी हलले असते तर तो जागा झाला असता, म्हणून मी हलले नाही. मी माया दाखवली असं कुणी समजू नये. झोपलेल्या माणसाला उठवून बघायची खोड आमच्या घरात त्या एकट्याला आहे, मला नाही. मला त्याची दया आली आणि दया आल्याचा राग आला. फुकट गेलेला माणूस, हे माझं त्याच्याबद्दलचं मत मी अजूनही बदललेलं नाही. पण किती दिवसांची झोप त्याच्या डोळ्यांवर साठली होती, कोण जाणे, आणि ती उतरवायला या माणसाला सगळ्या पुण्यात जागा मिळाली ती माझ्या खाटेच्या कठड्यावर. चहाची गाडी खडखडली तेव्हा तो दचकून उठला. माझे डोळे मिटलेले बघून त्यानं हळूच हात काढून खिशात घातला आणि पाय न वाजवता गेला. त्याला वाटलं, मी झोपलेय.

दुसऱ्या दिवशी चैताली आली ती नाचतच. अभय ऑफिसातून खास आला होता, निकाल ऐकायला. श्यामसुंदर दाराशी उभा, पिशवी डाव्या हातात. चैतालीनं टॅब उंच धरून सांगितलं, की काल दुपारी आजींना सलग गाढ झोप लागली, त्यांच्या अख्ख्या अभ्यासात दुपारची अशी झोप दुसऱ्या कुणाचीच नाही. श्यामसुंदरचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. पास झाला होता बिचारा.

"पण एक इश्यू आहे," ती पुढं म्हणाली. झोप लागायच्या आधी पट्ट्यानं काहीतरी वेगळंच टिपलं होतं. बारीक, एकसारखी, न थांबणारी हालचाल. तिनं ती तिच्या सरांना दाखवली, आणि सर म्हणाले, ही झोपही नाही आणि जागही नाही, हा कंप आहे. "आजी, तुमच्या हाताला ट्रेमर आहे का? न्यूरोचे डॉक्टर आत्ता राउंडला येतायत, ते तुम्हाला बघतील."

अभयचं तोंड उतरलं. "आई, कधीपासून? सांगितलं का नाहीस?" त्यानं माझा हात उचलला आणि उलटसुलट करून बघितला, पडलेला मोबाइल उचलून काच तडकलीय का बघतात तसा. माझा हात टेलिफोनच्या बोर्डात प्लग घालणाऱ्या बाईचा आहे. तो हलत नव्हता.

दाराशी श्यामसुंदर माझ्याकडे बघत होता. एवढं एक सांभाळा, असं तोंडानं म्हणाला नाही, पण दुसरं काही त्या नजरेत नव्हतं. आणि सांभाळणं अगदी सोपं होतं. डॉक्टर आला असता, माझ्या हातात त्याला काही सापडलं नसतं, उरलेलं चैतालीच्या अल्गोरिदमनं हँडल केलं असतं. याचं स्टूल कायम राहिलं असतं. मग असाच खिशात हात घालून तो हिंडला असता, एखाद्या दिवशी कुणाच्या तरी ऑपरेशन झालेल्या आईला धरून नेताना तिच्यासकट आपटेपर्यंत. सगळ्यांचं समाधान होत असेल तर खोटं चालवून घ्यावं, असं मानणारे लोक आहेत. आमचं सगळं नातं त्याच लोकांचं आहे.

"तो हात माझा नव्हता," मी म्हटलं.

चैतालीला कळेना. बँड तर तुमच्याच मनगटावर होता, असं काहीतरी ती म्हणायला लागली.

"झोपही माझी नव्हती. मी टक्क जागी होते. भाऊजी, खिशातला हात काढा."

त्यानं काढला नाही. अभय मला म्हणाला, आई, काय बोलतेस. मी पुन्हा तेच सांगितलं, ज्या आवाजात मी लाइन काढायचे त्या आवाजात. मग त्यानं हात काढला. पँटच्या शिवणीशी तो लोंबत राहिला आणि अंगठा बोटावर घासत राहिला, सगळ्यांच्या देखत. चैतालीनं एकदा टॅबकडे बघितलं, एकदा हाताकडे, आणि टॅब बंद करून काखेत धरला. तेवढी अक्कल तिला होती. अभय "काका" म्हणाला. मग चांगला डॉक्टर, अपॉइंटमेंट, टेस्ट, माझ्या ओळखीचा एकजण, असं त्याचं सुरू झालं. श्यामसुंदर ते ऐकत नव्हता. तो माझ्याशी बोलला.

"एवढं राहू द्यायचं होतं, वहिनी. आता मला कोण बसू देणार कोणाजवळ?"

रागावून नव्हे, तक्रार म्हणूनही नव्हे. बस चुकली असं सांगावं तसं. आणि त्याच्या पोटातला खरा प्रश्न हा नव्हताच. आपल्याजवळ कोण बसणार, याचा तो विचार करत होता. सगळ्या नात्यातली माणसं त्यानं एकेक करून डोळ्यांपुढं आणली असतील, ज्यांच्या उशाशी दुपारच्या दुपारी घालवल्या ती सगळी, आणि त्यांतलं एकही त्याला स्टुलावर बसलेलं दिसेना. मलाही दिसेना. अभय तर पुढच्या मिनिटाला घड्याळ बघणार होता.

मी त्याला आधी स्टूल ओढून बसायला सांगितलं. न्यूरोचा डॉक्टर माझ्यासाठी येतोच आहे, त्याला माझ्याऐवजी हा हात दाखवायचा, आणि खिशात घालायचा नाही, हेही सांगितलं. तो बसला. हात त्यानं खाटेच्या कडेवर ठेवला, आणि तो तिथं चादरीवर थरथरत राहिला.

"ॲडमिट व्हायची वेळ आली तर मी येईन," मी म्हटलं.

"तुम्हाला उभं राहता येत नाही, वहिनी."

"तोवर येईल. रोज दुपारी येईन, स्टूल ओढून बसेन, आणि तुम्हाला एक मिनिट झोपू देणार नाही."